दोष हाताला की पिठाला?

मागच्या उन्हाळ्यात आई सोलापूरहून आमच्याकडे क्लीव्हलँडला आली. जेटलॅग वगैरे प्रकार तिला मान्य नसल्याने दुसऱ्याच दिवशी परात पुढे ओढून ज्वारीच्या भाकरी करायला बसली. पीठ इंडियन ग्रोसरीतलं. गेली दहा वर्षं आम्ही आणतो तेच, तीच पिशवी, तेच कणसाचं चित्र. पहिली भाकरी उचलतानाच तुटली. दुसरी तव्यावर टाकताना. तिसरीच्या वेळी आईने पीठ चिमटीत घेऊन चोळलं, हुंगलं आणि निकाल दिला, "विरी गेलेलं पीठ आहे हे. माझ्या हाताला काय धाड भरलीय?" पिशवी उलटी करून पाहिली, तर खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात पॅकिंगचं गाव बदललेलं. पुढच्या बाजूला अवाक्षर नाही.

मंडळी, स्मरणिकेत भाकरीपुराण लावायचा माझा इरादा नाही. पण त्या दिवशी मला बायकोच्या भाचीची आठवण झाली, आणि दोन वर्षं मनात साठलेला राग वर आला. आई पंचावन्न वर्षं भाकऱ्या थापते आहे, म्हणून तिला बेधडक पिठावर संशय घेता आला. भाचीला तो घेता आला नाही.

भाची सांगलीची. इथून सहा तासांवरच्या एका विद्यापीठात पीएचडी करते. (नाव देत नाही, तिला अजून तिथेच दिवस काढायचेत.) तिचं काम म्हणजे उंदराच्या मज्जापेशी प्लास्टिकच्या छोट्या थाळ्यांमध्ये वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधाचा परिणाम पाहायचा. या पेशी मोठ्या नाजूक. थाळीच्या तळाला चिकटल्या तर जगतात, नाहीतर मरतात. पहिलं दीड वर्ष सगळं सुरळीत होतं. मग एका ऑक्टोबरात पेशी चिकटेनाशा झाल्या. तिने पाणी बदललं, पेशींचं खाद्य बदललं, इन्क्युबेटर दोनदा धुतला, पहाटे चारला उठून काम करून पाहिलं. गाइड म्हणाले, "पुन्हा कर." शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "टेक्निक सुधार." असे आठ महिने गेले. फंडिंगचं पत्र दरवर्षी नव्याने मिळतं आणि व्हिसा त्या पत्राला लटकलेला, हे इथे विद्यार्थी म्हणून आलेल्या कुणालाही सांगायला नको. एका रात्री तिचा फोन आला. मावशीशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "काका, माझे हातच वाईट आहेत का हो?"

हात वाईट नव्हते. शेजारच्या लॅबमध्ये कपाटाच्या तळाशी त्याच थाळ्यांचं एक जुनं खोकं सापडलं. त्यात पेशी पहिल्याच दिवशी चिकटल्या. दोन्ही खोक्यांवर कंपनी एक, कॅटलॉग नंबर एक, चित्र एक. फरक फक्त लॉट नंबरात. कंपनीला ईमेल केली तर उत्तर आलं की माल स्पेसिफिकेशनमध्ये बसतो. तीन फोन झाल्यावर कळलं की थाळीच्या पृष्ठभागावर जी प्रक्रिया करतात ती दुसऱ्या यंत्रावर होऊ लागली आहे. स्पेसिफिकेशन बदललं नसल्याने ग्राहकाला कळवण्याची गरज नव्हती म्हणे!

हे काही नवीन नाही, आणि माझा खरा संताप त्याचाच आहे. बॉस्टनला टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोन शास्त्रज्ञ स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशींना इस्ट्रोजेन हे हार्मोन मिळालं की त्या भराभर वाढतात, नाही मिळालं तर गप्प बसतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एके दिवशी हार्मोन न घातलेल्या थाळ्यांतल्या पेशीही वाढू लागल्या. झालं, लॅबमध्ये कुणीतरी निष्काळजीपणे हार्मोन सांडलं असणार, असा पहिला संशय! सगळं घासून पुसून पुन्हा प्रयोग केले तरी तेच. महिन्यांमागून महिने एकेक वस्तू वगळत गेल्यावर चोर सापडला तो रक्तद्रव साठवायच्या साध्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये. नळ्या कॉर्निंग कंपनीच्या. सहज तडकू नयेत म्हणून कंपनीने प्लास्टिकच्या मिश्रणात बदल केला होता, पण कॅटलॉग नंबर जुनाच ठेवला होता. आत काय घातलंत असं विचारलं तर उत्तर मिळालं, 'ट्रेड सीक्रेट'. मग या दोघांनी ते रसायन स्वतः वेगळं काढून ओळखलं. ते निघालं नॉनिलफिनॉल. हे संशोधन १९९१ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे जे दोन वाक्यांच्या पत्रात सांगता आलं असतं, त्यासाठी शास्त्रज्ञांना स्वखर्चाने गुप्तहेर व्हावं लागलं.

दुसरी गोष्ट आपल्याच गावची. १९९८ साली इथे केस वेस्टर्न विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदराच्या मादीच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. बीजांड पक्व होताना गुणसूत्रं शिस्तीत रांगेत लागावी लागतात. ज्यांना काहीच दिलेलं नाही अशा निरोगी माद्यांमध्ये ही रांग विस्कटलेली बीजांडं एरवी शंभरात एखाद-दुसरं निघायचं. अचानक हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेलं. शोध घेता घेता लक्षात आलं की पिंजरे धुरकट झालेत, पाण्याच्या बाटल्या गळताहेत. बदली कामगाराने पिंजरे धुवायच्या साबणाऐवजी फरशी धुवायचा जालीम साबण वापरला होता! त्याने पॉलिकार्बोनेट प्लास्टिक खाल्लं आणि त्यातून बिस्फिनॉल ए, म्हणजे बीपीए, पाझरू लागलं. हंटबाईंनी पिंजरे मुद्दाम तसेच खराब करून, उंदरांना बीपीए देऊन सगळं पुन्हा पडताळलं आणि २००३ च्या वसंतात 'करंट बायॉलॉजी'त लेख छापला. मी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन याच शहरात एमएस करायला उतरलो. पुढे मुली झाल्यावर दुकानात 'बीपीए फ्री' लिहिलेल्या बाटल्या निवडून घेतल्या, पण त्या शब्दांशी आपल्या गावातल्या एका साबणाच्या डब्याचा काही संबंध असेल हे कुठे ठाऊक होतं! उंदराला झालं ते माणसालाही तेवढ्याच प्रमाणात होतं असं मी म्हणत नाही. त्यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहेत. गंमत, म्हणजे दुःखद गंमत, पुढेच आहे. हंटबाई वॉशिंग्टन राज्यात गेल्या, पिंजरे दुसऱ्या प्लास्टिकचे आले, आणि काही वर्षांनी प्रयोगात पुन्हा तसाच गोंधळ! या वेळी खराब झालेल्या पिंजऱ्यांतून बीपीएचाच भाऊबंद, बिस्फिनॉल एस, पाझरत होता. हा लेख २०१८ चा.

अशा गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. फ्लेमिंगच्या थाळीत बुरशी पडली आणि पेनिसिलिन मिळालं, तसंच हेही, अपघातातून शोध. मला हे कौतुक पटत नाही. सोटो आणि हंट यांच्याकडे स्वतःची लॅब होती, नाव होतं, 'माझा हात चुकलेला नाही' म्हणायची हिंमत होती. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं, त्यांनी काय केलं असेल? प्रयोग बंद केला असेल, विषय बदलला असेल, मास्टर्सवर समाधान मानून नोकरी धरली असेल. त्यांचा लेख कुठेच छापून येत नाही. आणि लॅबमध्ये रात्री बाराला नळ्या भरत बसलेली ही मुलं कोण असतात? पुष्कळदा आपलीच. पुण्याची, सांगलीची, नागपूरची, आणि आता इथे वाढलेलीसुद्धा.

मागच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत हा विषय निघाला. आमचे एक मित्र प्लास्टिकच्या धंद्यात आहेत. ते म्हणाले, "अरे, कच्चा माल सतत बदलतो. रंग, साचा सुटावा म्हणून घालायची द्रव्यं, हजार गोष्टी. प्रत्येक वेळी पत्रं पाठवत बसलो तर धंदा बंद करावा लागेल. शिवाय फॉर्म्युला सांगितला तर उद्या दुसरा कोणी तोच माल निम्म्या किमतीत विकेल." मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण ही 'साचा सुटायची द्रव्यं' काय करतात तेही पाहा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं की रोजच्या वापरातल्या डिस्पोजेबल नळ्या आणि पिपेटची टोकं यांतून पाझरणारी द्रव्यं मेंदूतल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचं काम रोखतात. त्यातलं एक, ओलिअमाइड, प्लास्टिक गुळगुळीत राहावं म्हणून घालतात. औषधाचा परिणाम मोजायला बसावं आणि मोजावा नळीचा, अशी गत.

दुसरं म्हणजे, फॉर्म्युला मागतोय कोण? काय बदललंत ते पोटात ठेवा. 'बदललं' एवढंच खोक्यावर छापा. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये हमाली करतोय. आमच्याकडे कोडची एक ओळ बदलली तरी व्हर्जनचा आकडा बदलतो. सोर्स कोड कुणी फुकट वाटत नाही, पण १.२ चं १.३ झालं हे गिऱ्हाइकाला कळतं, आणि रात्री दोनला सिस्टिम कोसळली की पहिला प्रश्न असतो, काल काय बदललं? या प्रश्नाचं उत्तर कुठेच लिहिलेलं नसेल तर दोष हमखास सगळ्यात ज्युनिअर पोराच्या माथी जातो. हा अनुभव आपल्यापैकी निम्म्या मंडळींना असेल.

आणि 'शक्यच नाही' हे तर मला सांगूच नका. मी दोन औषध कंपन्यांमध्ये कन्सल्टंट म्हणून काम केलंय. तिथे पुरवठादाराबरोबरच्या करारातच लिहिलेलं असतं की प्रक्रियेत, कच्च्या मालात किंवा कारखान्याच्या जागेत महत्त्वाचा बदल करण्याआधी लेखी कळवायचं. आणि पुरवठादार कळवतात, निमूटपणे. कारण समोरचं गिऱ्हाईक कोट्यवधींचं असतं आणि त्याच्या मागे एफडीए उभं असतं. विद्यापीठातल्या मुलीच्या खोक्यावर मात्र 'फॉर रिसर्च यूज ओन्ली' असा शिक्का मारला की जबाबदारी संपली. औषधाचा जन्म जिथे होतो तिथे ढिलाई आणि गोळ्या पाडतात तिथे सोवळं, हा कुठला न्याय?

शास्त्रज्ञांनाही मी सोडणार नाही. लेखात कंपनीचं नाव, गावाचं नाव इमानेइतबारे लिहितात आणि लॉट नंबर गाळतात. भाचीच्या वहीतही तो नव्हता, म्हणून शोधायला आठ महिने लागले. विद्यापीठं वर्षाला लाखो डॉलरचा माल घेतात. खरेदी खात्याने पाच टक्के सूट मागण्याच्या जोडीला बदलाची नोटीस मागितली, आणि दहा विद्यापीठांनी मिळून मागितली, तर कोण नाही म्हणेल? पण खरेदी खात्याला पेशी चिकटल्या काय आणि न चिकटल्या काय.

असो. भाचीच्या पेशी आता चिकटताहेत. तिने थाळ्यांवर वेगळा लेप द्यायला सुरुवात केली. प्रत्येक खोक्यावर आल्याची तारीख मार्करने लिहिते, आणि जुन्या लॉटची दोन खोकी कपाटाला कुलूप लावून ठेवली आहेत. थीसिसच्या शेवटी तिला सगळ्या लॉट नंबरांचा तक्ता जोडायचाय. गाइड म्हणाले, एवढी पानं कशाला? तिने तक्ता काढलेला नाही.

प्लास्टिकवाले मित्र प्रसादाच्या रांगेत म्हणाले होते, "कंपनीत विचारून सांगतो." अजून सांगितलेलं नाही. यंदा आरतीला ते माझ्या शेजारीच उभे राहतील अशी व्यवस्था कार्यकारिणीने करावी, ही विनंती.