क्लाइव्हच्या गावात, विजयदुर्गाचा हिशोब

या बुधवारी श्रॉपशायरमधल्या मार्केट ड्रेटनला जाऊन आलो. बुधवारचा आठवडी बाजार, थेट १२४५ च्या सनदेचा. इथली जिंजरब्रेड प्रसिद्ध. याच गावाजवळ १७२५ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह जन्मला.

सोबतच्या मराठी मंडळींनी प्लासीवरून त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. घाला, त्याची लायकीच ती. पण प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह आपल्या विजयदुर्गावर चालून आला होता, हे एकालाही ठाऊक नव्हतं! तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे जळून खाक झालं. आणि इंग्रजांशी हातमिळवणी केली कुणी? पुण्याच्या पेशव्यांनी. लूट मात्र इंग्रजांनी आपसात वाटून घेतली.

तुळाजी पुण्याला जुमानत नव्हते, मान्य. म्हणून घरचं भांडण मिटवायला परक्यांच्या तोफा आणायच्या? किनाऱ्यावर इंग्रजांना नडणारी आपली मोठी ताकद त्यात गेली.

क्लाइव्हचे पुतळे हटवा म्हणणं सोपं आहे हो. सुट्टीत पोरांना विजयदुर्ग दाखवायला नेता ना? मग तिथे उभं राहून हेही सांगा. पटत नसेल तर जरूर भांडा, पण आधी तारखा वाचून या.