हौदा कोण उकरतंय?

लेग प्रेसला दोन्ही बाजूंनी चार-चार प्लेटा लावलेल्या होत्या. एकेक प्लेट २० किलोची. कुणीतरी १६० किलोवर पाय मारले, पाणी प्यायलं आणि लोखंड तसंच ठेवून घर गाठलं. आता त्या यंत्रापुढे कॉलेजातली एक मुलगी उभी होती. तिचं वजन पंचेचाळीस किलो असेल-नसेल. तिला ४० किलो लावायचे होते आणि त्यासाठी आधी १२० किलो उतरवायचे होते. तिनं एक प्लेट ओढून पाहिली, आजूबाजूला नजर टाकली, मग चटई घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. आम्ही दोघींनी मिळून त्या प्लेटा उतरवल्या तेव्हा तिची व्यायामाची वीस मिनिटं गेली होती आणि माझी पाठ भरून आली होती.

मी वारणानगरजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितली, त्याला आता दीड वर्ष झालं. आमच्या जिममध्ये संध्याकाळी सहा ते आठ पाय ठेवायला जागा नसते. इंजिनिअरिंगची पोरं, पाळी संपवून आलेले कामगार, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, माझ्यासारख्या बायका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक निवृत्त गुरुजी. दारातून आत आल्यावर समोरच मारुतीचा फोटो आहे. जवळजवळ प्रत्येक जण त्याला हात जोडतो, मगच पहिलं डंबेल उचलतो. हा नमस्कार मला मनापासून आवडतो. म्हणूनच त्यानंतरच्या तासाभरात जे दिसतं ते जास्त लागतं. घामानं निथळलेलं बेंच तसंच सोडून उठायचं. उसाच्या रानातला चिखल बुटाला घेऊन थेट रबरी फरशीवर यायचं. एक सेट मारून त्याच बेंचवर दहा मिनिटं मोबाइल बघत बसायचं, आणि कुणी विचारलं तर मान वर न करता, "काकू, तीनच सेट राहिलेत."

माझे आबा पैलवान होते. मोठ्या मैदानातले नव्हे, जत्रेतल्या कुस्त्या करणारे. आमच्या गावच्या तालमीत मुलींना पाऊल टाकायची मुभा नव्हती. मी दुधाची किटली घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि तिथून जेवढं दिसेल तेवढं बघायची. तो नियम चुकीचाच होता, तालमीचं सगळंच सोनं होतं असं मी म्हणणार नाही. सांगलीत २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, त्या रात्री मला तो उंबरा आठवत होता.

पण त्या उंबऱ्यावरून मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. चपला बाहेर. आत येणारा आधी वाकून मातीला हात लावणार. कुस्तीआधी खोऱ्यानं हौदा उकरायचा, फळी ओढून सपाट करायचा. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मळलेलं असायचं. माती मऊ राहावी, अंगाला खरूज-नायटा होऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप. एकाच मातीत तीस अंगं लोळणार, तर एकाचा रोग दुसऱ्याला जाऊ द्यायचा नाही, हे त्या न शिकलेल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. रेक्झिनचं बेंच घाम शोषत नाही, तो वर तसाच राहतो. नायटा तिथंही पसरतो. आमच्यातल्या दोघी-तिघींनी ते भोगलंय.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला पुढं कळली. हौदा उकरण्याचं काम कुणा गड्याला दिलेलं नसे. ते पोरांकडेच असे, आणि ज्यानं काल मोठी कुस्ती मारली त्याच्याही हातात आज खोरं असे. मी एकदा आबांना विचारलं होतं, तुम्ही दमून आल्यावर परत माती कशाला ओढता? ते म्हणाले, "आपुन वर आलो म्हंजे संपलं न्हाई. मागनं दुसरा उतरायचाय."

कोल्हापूरच्या मातीत हा मागच्याचा विचार मुरलेला आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली खुलं झालं. त्याची बांधणीच अशी उतरती की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौदा दिसतो, पुढच्याचं डोकं आड येत नाही. आमच्या वारणानगरातही दरवर्षी १३ डिसेंबरला तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. जिममधली निम्मी पोरं तिथं जातात. हरलेल्याच्या अंगावरची माती जिंकलेला झाडतो तेव्हा हीच पोरं टाळ्या वाजवतात. त्यांना हे कळत नाही असं नाही. फक्त जिमचं दार ओलांडताना ते बाहेर राहतं.

का राहतं, याचं माझं उत्तर फीपाशी येतं. तालमीत फी नव्हती, म्हणून तालीम सगळ्यांची होती. इथं महिन्याचे पैसे भरले की माणसाला वाटतं, पुसणं, उचलणं, लावणं हे पैशात आलं. एका मुलाला मी प्लेटा जागेवर ठेवायला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "त्यासाठीच तर ट्रेनर आहे की." तो उद्धट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मला हे पटत नाही. फी देऊन आपण त्या लोखंडाचा वापर घेतो, आपल्यामागून येणाऱ्याचा वेळ घेत नाही. आणि ट्रेनर हा वस्तादाच्या जागी आहे. वस्तादाकडून डाव शिकायचा असतो, त्याला आपल्यामागे आवरायला लावायचं नसतं.

मोबाइलचं मात्र वेगळं आणि कडक सांगायला हवं. पोरं आरशापुढे रील काढतात, काढोत बापडी, मेहनतीचं अंग दाखवावंसं वाटणं मी समजू शकते. पण त्या आरशात मागे स्क्वॉट मारणारी मुलगी येते. तिला विचारलेलं नसतं. भरतीची तयारी करणारी एक मुलगी केवळ यामुळे सहा वाजता यायची बंद झाली आणि पहाटे साडेपाचला येऊ लागली, हिवाळ्यातल्या अंधारात, एकटी. एका पंधरा सेकंदांच्या रीलसाठी तिनं रस्त्यावरचा हा धोका पत्करायचा का? माझ्या मते गर्दीच्या वेळेत चित्रीकरण पूर्ण बंदच असावं. बायकांची वेळ वेगळी करणं हा काहींना सोपा उपाय वाटतो, मला तो पुन्हा उंबऱ्याबाहेर उभं करण्यासारखा वाटतो.

बाकीचं जमण्यासारखं आहे. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं दम घ्यावाच लागतो, त्या वेळात दुसऱ्याचा सेट होतो. आळीपाळीनं करू या का, एवढं विचारलं की भांडण मिटतं. न मागता शिकवायला जाऊ नये, कुणाची पाठ दुखावेल असं दिसलं तर ट्रेनरला सांगावं. नवा माणूस रिकामा बार उचलताना लटपटला की हसू नये. जुन्या पारगावचा मारुती, समर्थांच्या अकरांपैकी एक, जेमतेम दीड फुटांचा आहे. आबा आम्हाला तिथं मुद्दाम न्यायचे आणि म्हणायचे, ताकद उंचीवर मोजू नये. जिमवाल्यांनी पहिल्या दिवशी नव्या पोराला बायसेप्स दाखवण्याआधी प्लेटा कुठं ठेवायच्या ते दाखवावं. भिंतीवरच्या पाटीनं काही होत नाही, आमच्याकडे पाटी आहे.

गेल्या महिन्यात आबांना मी जिम दाखवायला घेऊन गेले. वय ७९, हातात काठी. त्यांनी चपला दाराशी काढल्या, फोटोला नमस्कार केला, यंत्रं एकेक करून पाहिली, बेंचवरून हात फिरवला आणि तो हात धोतराला पुसला. मग ट्रेनरला विचारलं, "वस्ताद, हितं हौदा कोण उकरतंय?" तो चांगला पोरगा आहे, पण त्याला प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितल्यावर तो गप्प झाला.

घरी आल्यावर आबांनी पेटीतलं जुनं धोतर काढायला लावलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. त्याचे त्यांनी स्वतः बसून सहा तुकडे केले, मी कडा शिवल्या. सोमवारी ट्रेनरच्या परवानगीनं प्रत्येक बेंचशेजारी एकेक टांगला. कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी धुवायला म्हणून काढून घरी आणले, तेव्हा सहांपैकी चार ओले होते.