मामाचं रिव्हॉल्व्हर आणि वर्कशॉपमागचा कॉरिडॉर

हॉस्टेलवर रात्री अकरानंतर जे विषय निघतात त्यांचा सिलॅबसशी काडीचाही संबंध नसतो. सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या रूमवर प्रश्न आला, "स्वस्तात टॉप-ब्रेक रिव्हॉल्व्हर कुठं मिळेल रे?" विचारणारा सेकंड इयर मेकॅनिकलचा, वय वर्षे १९. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रॉंझ मिळवलं, तेव्हापासून याच्या डोक्यात नेमबाजी. ते ब्रॉंझ रायफलचं होतं, असं सांगितलं तर म्हणतो, "तेच ते!"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण हा आजार मलाही झाला होता.

आमचे मामा इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीच्या पुढे रानात वस्तीवर राहतात. डाळिंबाची बाग, रात्रीची लाइट, त्यामुळे संरक्षणासाठी लायसन्सचं .३२ रिव्हॉल्व्हर. अकरावीत असताना त्यांनी ते एकदा रिकामं करून मला दाखवलं. वरची खिट्टी दाबायची, नळी बिजागरीवर पुढे वाकते, आणि चेंबरच्या मधली चांदणी वर उचलली जाऊन सहाही पुंगळ्या एकदम बाहेर! मूळ कल्पना जुन्या इंग्रजी वेब्लीची, पण बनावट आपल्याच ऑर्डनन्स फॅक्टरीची. एवढी सुंदर मेकॅनिझम मी आजवर लॅबमध्येही पाहिली नाही. दुर्बळ जागाही तीच, ती बिजागरी आणि ती खिट्टी. फ्रेम अखंड नसल्यामुळे जास्त दाबाचं काडतूस तिला झेपत नाही.

मी हात पुढे केला तर मामा म्हणाले, "आरं भाच्या, ही काय वरातीतली पिपाणी हाय व्हय?" (वरातीत गोळी उडवणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडे काहींना हे अजून कळायचंय.) निवडणूक लागली की मामा ते पोलीस ठाण्यात जमा करतात, संपली की पावती दाखवून परत आणतात. मला तर वाटतं, ते कपाटापेक्षा ठाण्यातच जास्त राहिलं असेल.

आता स्वस्ताचं बघू. २०१४ मध्ये कानपूरच्या फॅक्टरीने अर्ध्या किलोचं 'निर्भीक' काढलं, तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ चं 'प्रबल' तर टॉप-ब्रेक नाहीच, त्याचं चेंबर बाजूला उघडतं. परदेशी जुनी वेब्ली म्हणाल, तर खासगी आयात १९८० च्या दशकापासून बंद, म्हणून देशात आहेत त्यांचे भाव आकाशाला. शिवाय लायसन्सला वय २१ पूर्ण पाहिजे. म्हणजे आमचा सेकंड इयरवाला अर्जच करू शकत नाही. आणि सगळं जमलं तरी उडवणार कुठं? उसाच्या फडात? २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत .३२ चंच काडतूस बहुतेक जण वापरतात, पण त्यासाठीची पिस्तुलं वेगळी असतात. मामाचं यंत्र कमरेला लावायचं आहे, दहाच्या वर्तुळात गोळी घालायचं नाही.

मला खरी भीती पुढच्या वाक्याची वाटली. तो म्हणाला, "एक जण ओळखीचा आहे, तो कमी पैशांत देतो म्हणतो." आपल्या भागात 'स्वस्त' चा अर्थ हाच होतो, गावठी कट्टा! पोरांनो, आपण मटेरियल सायन्स शिकलोय ना? कुठल्या तरी पाइपाची नळी, हीट ट्रीटमेंट नाही, चेंबर आणि नळी एका रेषेत असण्याची खात्री नाही. फुटला तर पहिलं बोट आपलंच जाणार. आणि नाही फुटला तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल किमान दोन वर्षे. कॅम्पस इंटरव्ह्यू मग येरवड्यात द्यायचा का?

मी त्याला एअर पिस्तूल दाखवायचं ठरवलं. ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याचं, २० ज्यूलच्या आतलं असेल तर लायसन्स लागत नाही. मॅच पिस्तुलाचा छरा नळीतून निघतो तो जेमतेम ६ ज्यूल घेऊन. .३२ ची गोळी दीडशेच्या आसपास. पण अवघडपणा बघा, १० मीटरवरचं दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर, आणि ७५ मिनिटांत ६० शॉट, एका हाताने. व्हायवाला हात थरथरतो त्यापेक्षा जास्त थरथरतो, स्वानुभव आहे. स्पर्धेची परदेशी पिस्तुलं लाखाच्या वर जातात हे खरं, पण शिकायला देशी पिस्तूल पुरतं, आणि एकावर दहा जण शिकतात.

अडचण एकच, जागा. पुण्यात बालेवाडीची रेंज आहे, पण बारामतीहून शंभर किलोमीटरच्या वर. प्रॅक्टिकल बुडवून कोण जाणार?

म्हणून माझं म्हणणं, रेंज कॉलेजातच करा. छरे अडवायचा डबा, म्हणजे आत तिरकी एम.एस. प्लेट, हा शीट मेटलचा सरळ जॉब आहे, फर्स्ट इयरवालेसुद्धा करतील. 'हॉस्टेलवर बंदुका?' असं रेक्टर सर विचारणार, आणि बरोबरच विचारणार. त्यावर उत्तर, रूमवर एकही नाही. पिस्तुलं जिमखान्याच्या कपाटात, नोंदवही, ठरलेली वेळ, डोळ्यांवर गॉगल, हाताला शिसं लागतं म्हणून नंतर साबण.

अर्ज जिमखान्यात दिला आहे. सेकंड इयरवाल्याने पहिली सही केली, ओळखीवाल्याचा नंबरही माझ्यासमोर डिलीट केला. वर्कशॉपमागचा कॉरिडॉर आम्ही दोघांनी टेपने मोजला, १६ मीटर ४० सेंटिमीटर भरला. टार्गेटच्या बाजूला स्टोअररूमचं दार उघडतं, तेवढं कायमचं बंद करावं लागेल. किल्ली वर्कशॉपच्या सरांकडे आहे.