पांढरा पट्टा

गेल्या महिन्यांत आम्ही एका परीक्षेंत नापास झालों. ही वार्ता प्रथम आमच्या कुटुंबास कळली, मग धाकट्या बंधूंस, आणि दिवेलागणीच्या आंत साऱ्या घरास. पासष्टाव्या वर्षीं ही कसली परीक्षा, असें वाचक विचारतील. ती कराटेची होती.

नऊ वर्षांच्या नातीस वर्गास पोंचविण्याचें काम आमचें. तास संपेपर्यंत आम्ही बांकावर बसत असूं. एके दिवशीं तेथील शिक्षिका म्हणाल्या, "गुरुजी, बसण्यापेक्षां मागच्या रांगेंत उभे रहा." डॉक्टरांनीं गुडघे तपासून अनुज्ञा दिली, आणि आम्हीं पांढरा पट्टा बांधला.

ही विद्या जपानमधील ओकिनावा बेटाची. पूर्वीं ती मोजक्या शिष्यांसच मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतोसु आन्को यांनीं ती तेथील शाळांत आणिली व मुलांकरितां पांच सोप्या 'काता' रचल्या. काता म्हणजे काल्पनिक प्रतिपक्ष्याशीं ठराविक क्रमानें केलेलें द्वंद्व. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन हे शाळेंत शिक्षकच होते. १९२२ सालीं त्यांनीं टोकियोस जाऊन या विद्येचा प्रसार आरंभिला. त्यांच्या संप्रदायांत नवशिक्यास प्रथम 'हेइआन शोदान' ही काता शिकवितात. तींत २१ हालचाली आहेत. डावीकडे वळून खालून येणारा वार अडवावयाचा, पाऊल पुढें टाकून ठोसा मारावयाचा, असें करीत चहूं दिशांस फिरून मूळ जागीं यावयाचें.

आम्हांस वाटलें, हें कितीसें अवघड? ज्यानें बाळपणीं अमरकोश घोकला त्यास २१ हालचाली म्हणजे काय! आठ दिवसांत क्रम तोंडपाठ झाला. जपानी नांवेंही मुखोद्गत झालीं. परीक्षेच्या दिवशीं आमची काता संपली तेव्हां आमची नात अद्यापि चौदाव्या हालचालीवर होती. आम्ही प्रसन्न मुद्रेनें उभे राहिलों.

शिक्षिकाबाईंनीं शांतपणें विचारलें, "गुरुजी, ठोसा मारतांना मागची टाच कोठें होती?"

आम्हांस सांगतां येईना. आम्हीं खालीं पाहिलें.

वाचकहो, अध्यापन करीत असतां सुमारें चाळीस वर्षें आम्हीं मुलांस हाच प्रश्न केला. घडाघडा श्लोक म्हणणाऱ्या मुलास थांबवून "विभक्ति कोणती?" म्हणून विचारावें, त्यानें खालीं पाहावें, आणि आम्हीं लाल शाईनें शेरा मारावा. शेरा चुकीचा नव्हता. परंतु तो घेऊन मूल घरीं कसें जात असेल, याचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. त्या दिवशीं वर्ग ते घर हें दहा मिनिटांचें अंतर आम्हांस फार लांब वाटलें.

नात उत्तीर्ण झाली होती. पण तिचा पिवळा पट्टा कोठें दिसेना. रात्रीं कळलें, तिनें तो दप्तरांत दडवून ठेविला होता. आजोबांस वाईट वाटूं नये म्हणून!

वर्ग सोडण्याचा आमचा बेत तेथेंच गळाला. आम्हीं तिला पट्टा बांधावयास लाविला आणि म्हटलें, "आतां तूं आम्हांस शिकव."

तेव्हांपासून रोज सायंकाळीं माजघरांत आमचा पाठ चालतो. एका वेळीं एकच पाऊल. पुढचा गुडघा वांकलेला, मागचा पाय ताठ, टाच भुईस टेकलेली. ठोशाचें बळ नुसत्या बाहूंत नसतें. मागच्या पायानें जमीन रेटली म्हणजे तें कमरेवाटे मुठींत येतें. टाच उचलली कीं तें वाटेंतच गळतें. दोन्ही पावलें एका रेषेंत न ठेवतां त्यांत कमरेइतकें अंतर राखावें. नाहीं तर वळतांना तोल जातो. हें सारें आम्हांस ऐकून ठाऊक होतें. पायांस मात्र ठाऊक नव्हतें. फुनाकोशींनीं तरुणपणीं एकाच मालिकेच्या तीन कातांवर सुमारें १० वर्षें खर्चिलीं, याचें रहस्य आतां थोडेंसें कळूं लागलें आहे.

परवां एक लहानशी गोष्ट घडली. ठोसा मारतांच नातीनें चूक सांगण्यास तोंड उघडलें. तोंच आम्हीं टाच खालीं टेकविली. ती कांहीं न बोलतां हंसली. काल जी चूक दुसऱ्यानें दाखवावी लागे ती आज आपली आपणांस दिसली, याहून निराळी प्रगति नवशिक्यास ठाऊक नसावी. पट्ट्याचा रंग मागाहून येतो. कधीं येतही नाहीं.

पुढील परीक्षा दोन महिन्यांनीं आहे. उत्तीर्ण झालों तर येथें कळवूंच. न कळविल्यास वाचकांनीं काय तें समजावें. मात्र आमचा पाठ चालूच असेल.