खंडानंतरची उडी

ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाचे नावच पलटणीशी जोडले गेले आहे, तेथे आकाशातून उडी घेणे म्हणजे केवळ श्रीमंतांचे मनोरंजन, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. 11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेश मुक्तियुद्धात टांगाइलला आकाशातून उतरलेली दुसरी छत्रीधारी पलटण मूळची मराठ्यांचीच होती. परंतु दीर्घ खंडानंतर विमानाच्या दारात पुन्हा उभे राहू इच्छिणाऱ्यास पूर्वानुभवाची सनद पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील स्कायडायव्हिंग संघटना प्राथमिक परवानाधारकास 60 दिवसांचा खंड पडला तरी देखरेखीखाली उडी घ्यावयास सांगते, ते यथार्थच आहे. कारण मुख्य छत्री बिघडली, तर आधी उजवी मूठ ओढून ती सोडून द्यावयाची आणि तत्क्षणी डावी ओढून राखीव छत्री उघडावयाची, हा क्रम बुद्धीला वर्षानुवर्षे स्मरतो, हातांना मात्र नाही. पाचगणीच्या पठारांवर पावसाळा सरल्यावर पॅराग्लायडिंग करणारा जाणता माणूसही प्रथम जमिनीवर छत्री फुगवून वाऱ्याचा अदमास घेतो. स्कायडायव्हिंगकडे परतणाऱ्यानेही टांगलेल्या पट्ट्यांत बसून, तिळमात्र संकोच न बाळगता, त्या दोन मुठी डोळे मिटून सापडेपर्यंत तोच क्रम गिरवावा.