जुन्या चेनसॉचे कागद : हुस्क्वर्ना समूहास खुले पत्र

प्रति,
हुस्क्वर्ना समूह, स्वीडन

विषय : मॅकलॉक नावाच्या जुन्या चेनसॉंची दुरुस्ती-पुस्तके व आराखडे खुले करण्याबाबत



लाकूडतोडीची पेट्रोलवर चालणारी करवत एकट्या माणसाला पेलू लागली ती 1950 च्या आसपास. त्याआधीची यंत्रे दोघांनी दोन टोकांना धरून चालवायची असत. आंद्रेआस श्टिल यांच्या जर्मन कारखान्यातून 1929 साली निघालेले पेट्रोल यंत्र 46 किलोचे होते. 1949 साली अमेरिकेतल्या मॅकलॉक कंपनीने 3-25 हे मॉडेल काढले. त्याचे वजन 25 पौंड, म्हणजे साधारण 11 किलो होते. जुन्या चेनसॉ म्हणून आज ज्या जमवल्या, दुरुस्त केल्या आणि खरोखर वापरल्या जातात, त्या मुख्यतः तेव्हापासून 1980 च्या आगेमागेपर्यंतच्या. त्यात मॅकलॉकची यंत्रे, विशेषतः 54 सीसीचे 10-10 हे मॉडेल, उत्तर अमेरिकेत आजही घरोघरच्या शेडमध्ये सापडते. मॅकलॉक हे नाव आता हुस्क्वर्ना समूहाच्या मालकीचे आहे, म्हणून हे पत्र त्या समूहाला.

कंपनीचा संस्थापक रॉबर्ट मॅकलॉक हा अचाट माणूस होता. 1960 च्या दशकात त्याने ॲरिझोनाच्या वाळवंटात लेक हवासू सिटी हे गाव वसवले, वस्तीला रोजगार हवा म्हणून तिथे चेनसॉचा कारखाना घातला, आणि गावाला आकर्षण हवे म्हणून 1968 साली लंडनचा जुना लंडन ब्रिज 24 लाख 60 हजार डॉलरला विकत घेतला. पुलाचे दगड सुटे करून आणले गेले. 1971 पासून तो तिथे उभा आहे. झाड औषधालाही न सापडणाऱ्या मुलखात झाडे कापायची यंत्रे बनत होती. कारखान्याचे आयुष्य मात्र पुलाइतके निघाले नाही. 1999 च्या जानेवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली, नाव या हातातून त्या हातात गेले, आणि त्या गडबडीत जुन्या मॉडेलांचे सुटे भाग व कागद यांना वाली उरला नाही. यंत्रे मात्र उरली.

ती उरण्याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. आवरण मॅग्नेशियमचे, बेअरिंग भक्कम, इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे हलणारे भाग मोजकेच. वर्षानुवर्षे पडून राहिलेले यंत्र बंद असते ते बहुधा झिजल्यामुळे नव्हे. रबर कडक होते, इग्निशनच्या पॉइंटवर गंज चढतो, टाकीत पेट्रोलचा डिंक होतो. म्हणून दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे : आधी ठिणगी, मग दाब, मग इंधन, आणि शेवटी चेन.

ठिणगी तपासायला प्लग काढून सिलिंडरच्या अंगाला टेकवतात आणि दोरी ओढतात. बहुतेक जुन्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन नसते. फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर बसवलेले असतात. पॉइंट नुसते पडून राहिले तरी त्यांच्या तोंडावर न दिसणारा थर धरतो आणि ठिणगी मरते. बारीक पॉलिश पेपर फिरवून, वर स्वच्छ कोरा कागद ओढून घेतला की निम्म्या वेळा काम होते. नंतर फीलर गेजने फट लावायची, साधारण 0.4 मिलिमीटर. लुना किंवा जुनी चेतक उघडलेल्या महाराष्ट्रातल्या मेकॅनिकला यातले काहीच नवे नाही. चेनसॉ प्रथमच पाहिली तरी पॉइंटपाशी त्याचा हात अडत नाही. तो अडतो तो पुढे, जिथे त्या त्या मॉडेलचा आकडा लागतो.

दाबाचे मोजमाप गेजने होते. अशा इंजिनात 150 पीएसआयच्या आसपास दाब चांगला समजतात; 100 च्या खाली गेला की रिंग किंवा सिलिंडर गेला म्हणून उघडावे लागते. सायलेन्सर काढून आत डोकावले की पिस्टनवरचे ओरखडे दिसतातच. पण दाब चांगला आणि तरी इंजिन सीज होते, असेही घडते, आणि जुन्या चेनसॉंचा सर्वात मोठा घात तोच आहे. क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंची रबरी सील कडक होऊन हवा आत ओढू लागतात. हवा जास्त झाली की मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळत असल्याने तेलही कमी पडते. यंत्र सुरुवातीला उलट जोरात, कर्कश पळते. मालक खूश होतो, आणि पहिल्याच जाड ओंडक्यात पिस्टन सिलिंडरला चिकटतो. म्हणून चांगला मेकॅनिक यंत्र चालू होण्याआधीच त्याची तोंडे बंद करून हलका दाब आणि मग निर्वात देऊन पाहतो. त्या दहा मिनिटांत पिस्टन वाचतो.

कार्बोरेटरची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, आणि फ्लोट असला की यंत्र उभेच धरावे लागते. सुरुवातीच्या काही चेनसॉंत इंजिन सरळ राहावे म्हणून चेन ज्यावर फिरते तो बारच तेवढा वळवण्याची सोय होती. टिलट्सन कंपनीच्या डायफ्रॅम कार्बोरेटरने ती अडचण संपवली. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउताराने एक पातळ पडदा पंपासारखा हलतो, दुसरा पडदा सुईची उघडझाप करून हवे तेवढेच पेट्रोल सोडतो, आणि यंत्र आडवे-उलटे कसेही धरले तरी इंजिन चालते. बार न वळवता झाडाच्या बुंध्याशी आडवा काप घेता येऊ लागला तो या पडद्यांमुळे. वर्षांनी हे पडदे पत्र्यासारखे ताठ होतात. ते बदलणे सोपे आहे, आणि टिलट्सनच्या एचएल जातीच्या कार्बोरेटरची किट आजही सहज मिळतात. बाहेर कार्बोरेटर लावण्याचे दोन स्क्रू असतात, एक मंद गतीचा, एक वेगाचा. वेगाचा स्क्रू असा लावायचा की रिकामे पळवताना इंजिन किंचित अडखळत, फुरफुरत चालावे आणि लाकडात घातल्याबरोबर आवाज साफ व्हावा. कान तयार नसेल तर कंपनीने दिलेला जास्तीत जास्त आरपीएमचा आकडा पाहून टॅकोमीटरने लावावे. तो आकडा पुस्तिकेत असतो, आणि पुस्तिका नसते.

इंधनाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. त्या काळच्या पुस्तिका 16 किंवा 20 भाग पेट्रोलला एक भाग तेल सांगतात, कारण तेव्हाचे तेल साधे होते. आजच्या टू-स्ट्रोक तेलाच्या डब्यावर 50 ला एक लिहिलेले असते. जुन्या इंजिनाला 32 किंवा 40 ला एक देणारे दुरुस्तीकार पुष्कळ आहेत, आणि हा मधला मार्ग शहाणपणाचा वाटतो. खरा त्रास इथेनॉलचा. अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असते, भारतात आता 20 टक्क्यांपर्यंत. इथेनॉल पाणी ओढते, आणि 1960 च्या दशकातल्या रबराला ते फुगवते किंवा भुसभुशीत करते. ज्या उसाने महाराष्ट्रातली डिस्टिलरी चालते, त्याच उसाचा अंश जुन्या चेनसॉच्या टाकीतल्या नळीला खातो. काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवणे, आणि नळ्या व पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालणे, हे दोन उपाय आहेत.

मग चेन. 1946 साली ओरेगनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून नव्या दाताची चेन आखली आणि पुढच्या वर्षी ती बनवणारी कंपनी काढली. आजच्या बहुतेक चेनचे दात त्याच वंशातले आहेत. त्यामुळे जुन्या करवतीला नवी चेन मिळते, फक्त माप जुळायला हवे. सलग तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे केले की पिच कळते. 3/8 इंच आणि 0.404 इंच ही नेहमीची मापे. धार गोल कानशीने लावतात, बहुधा 30 अंशांत, सगळ्या दातांना सारखे फटके देऊन. एका बाजूचे दात लांब राहिले की करवत ओढत ओढत वाकडी जाते. पुष्कळ जुन्या मॉडेलांत चेनला तेल आपोआप जात नाही, अंगठ्याने पंपाचे बटण दाबत राहावे लागते. नवीन माणूस हे विसरतो आणि बार निळा पडेपर्यंत कापत बसतो.

वापराच्या बाबतीत या यंत्रांचे कौतुक आवरते घ्यायला हवे. बारच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागला की करवत क्षणार्धात चेहऱ्याच्या दिशेने उसळते. हा झटका थांबवणारा चेन-ब्रेक 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून येऊ लागला. सुरुवातीच्या 10-10 सारख्या यंत्रांत तो नाही, चुकून थ्रॉटल दाबला जाऊ नये म्हणून असणारा खटका अनेकदा नाही, तुटलेली चेन अडवणारा आकडाही नाही. कंप शोषणारे रबर नसलेली यंत्रे रोज चालवणाऱ्या लाकूडतोड्यांची बोटे पांढरी पडून बधिर होत; 1960 च्या दशकात हा व्यवसायरोग म्हणून ओळखला जाऊ लागला. शिवाय आवाज असा की कानाला संरक्षण नसेल तर यंत्र सुरूही करू नये. तेव्हा जुनी करवत जमिनीवर पडलेल्या, नीट टेकवलेल्या ओंडक्यासाठी, थोडा वेळ, कमी झटक्याची चेन घालून, संरक्षक पँट-बूट-चष्म्यासह वापरावी. झाडावर चढून किंवा खांद्याच्या वर धरून ती वापरू नये. रोजच्या कामाला नवीन यंत्रच योग्य.

आता मुद्द्याची गोष्ट. वर सांगितलेल्या भागांपैकी प्लग, कार्बोरेटर किट, चेन, बार, बेअरिंग आजही मिळतात. कारण हे भाग बहुतांशी करवतीच्या कंपनीचे स्वतःचे नव्हते. ते बाहेरच्या कारखान्यांचे होते, आणि ते कारखाने किंवा त्यांची मापे टिकली. न मिळणारे भाग आहेत ते करवतीच्या कंपनीचे स्वतःचे : साच्यात वळवलेली पेट्रोलची नळी, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जोड, तेलपंपाचे भाग, आडमापाची सील, इग्निशन कॉइल. यातले बरेचसे आज कुठलाही छोटा रबर-कारखाना किंवा लेथवाला बनवू शकतो. त्याला माप, रबराची जात आणि सूट किती ठेवायची एवढे लागते. ते कंपनीच्या आराखड्यात असते. सध्या लोक जुना, फुगलेला भाग मोजून नवा बनवतात, म्हणजे चुकीचे माप पुढच्या पिढीला देतात. सील एका मिलिमीटरच्या अंशाने सैल बसले की वर सांगितलेला हवेचा घात पुन्हा सुरू होतो.

कायद्याची मदत इथे पोहोचत नाही. युरोपीय संघाने 2024 साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला, पण तो ठरलेल्या यादीतल्या वस्तूंना लागू आहे. त्यात धुलाई यंत्र, फ्रीज, मोबाइल आहेत, चेनसॉ नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राला तर कुठलाच कायदा सुटे भाग देऊ शकत नाही. म्हणून समूहाकडे भाग मागण्यात अर्थ नाही, ते न्याय्यही होणार नाही. ज्या कारखान्याने यंत्र विकले तो समूहाचा नव्हता. मागणी कागदांची आहे. मॅकलॉकच्या बंद मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तके, भागांच्या याद्या, आणि ज्या रबरी व धातूच्या भागांचे आराखडे समूहाच्या ताब्यात असतील ते स्कॅन करून सर्वांना मोफत पाहता यावेत, आणि त्यावरून भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांना नाव न वापरण्याच्या अटीवर परवानगी मिळावी. 1689 साली बंदुकांच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या या समूहाचे हुस्क्वर्ना गावात संग्रहालय आहे. जुने कागद जपण्याची सवय त्याला नवी नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, जुनी यंत्रे चालू राहिली की नवीन खपणार नाहीत. 10-10 दुरुस्त करणारा माणूस छंदापोटी ते करतो आणि झाड पाडायला बहुधा नवी करवत घेतोच, त्यामुळे हे नुकसान किरकोळ ठरेल. दुसरा आक्षेप वजनदार आहे : पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते वाचून कुणी हात गमावला तर जबाबदारी कुणाची. पण यंत्रे आजही चालवली जातात, तीही तुटपुंज्या ऐकीव माहितीवर. प्रत्येक पुस्तकाला समूहाच्या अभियंत्यांनी लिहिलेले एक पान जोडता येईल : या मॉडेलमध्ये चेन-ब्रेक नाही, कोणती कमी झटक्याची चेन त्याला बसते, आजच्या तेलाचे कोणते प्रमाण चालेल, इथेनॉल किती सोसेल. हे पान आज कुठेच नाही, आणि ते अधिकाराने लिहू शकणारे एकच कार्यालय उरले आहे. सुरुवात 10-10 आणि 3-25 या दोन मॉडेलांपासून व्हावी, कारण पहिले मोठ्या संख्येने उरले आहे आणि दुसऱ्याचे कागद फार जुने, म्हणून लवकर नष्ट होण्याच्या बेतातले आहेत.