पाणबुडी मुंबईत बांधली, मग टॉर्पेडोला उशीर का?

माझगाव डॉकने बांधलेली ‘आयएनएस कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. सहावी ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ ला आली. पण या पाणबुड्यांसाठी ठरवलेला नवा जड टॉर्पेडो अजूनही आलेला नाही. असं का झालं?

टॉर्पेडो चालतो कसा?
टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या इंजिनावर धावणारा बॉम्ब. मराठीत पाणतीर. १८६६ मध्ये रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनीअरने फ्यूमे इथे (आजचं क्रोएशियातलं रिएका) दाबलेल्या हवेवर चालणारा पहिला टॉर्पेडो तयार केला. तो ठरावीक खोलीवर राहीना. मग पाण्याचा दाब आणि लंबक यांची जोडी वापरून त्याने तो प्रश्न सोडवला. दिशा सरळ ठेवणारा जायरोस्कोप आला १८९० च्या दशकात.

पाणबुडीतून पहिला मारा
१८८० च्या दशकात तुर्कस्तानच्या ‘अब्दुलहमीद’ पाणबुडीने पाण्याखालून टॉर्पेडो सोडला. पण वजन निघून जाताच पाणबुडीचा तोल जायचा. धडा साधा होता: पाणबुडी आणि टॉर्पेडो यांचा विचार एकत्रच करावा लागतो. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन ‘यू-२१’ ने ब्रिटिश ‘पाथफाइंडर’ बुडवली, तेव्हा या शस्त्राची ताकद जगाला कळली.

आपलं कुठे अडलं?
नेमका हाच धडा आपण विसरलो. ९८ ‘ब्लॅक शार्क’ टॉर्पेडोंची खरेदी ऑगस्टा वेस्टलँड प्रकरणानंतर २०१६ मध्ये रद्द झाली, कारण पुरवठादार त्याच इटालियन समूहातला होता. तेव्हापासून जुन्या जर्मन ‘एसयूटी’ टॉर्पेडोंवर काम भागवलं जातंय. डीआरडीओचा टॉर्पेडो बसवण्यासाठी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी सुमारे ८७७ कोटींचा करार झाला, तोही डिसेंबर २०२४ मध्ये.

आपल्याला काय त्याचं?
बेटेगाव-बोईसरपासून समुद्र हाकेच्या अंतरावर. किनाऱ्यावर तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, पुढे वाढवण बंदर होतंय. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी ‘हंगोर’ च्या टॉर्पेडोने आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ते पाणी इथून फार लांब नाही.

भ्रष्टाचाराची चौकशी व्हायलाच हवी. पण सौदा रद्द करताना पर्याय हाती हवा. पुढच्या पाणबुड्यांच्या करारात टॉर्पेडो, त्याची चाचणी आणि पर्यायी पुरवठादार पहिल्या दिवसापासून लिहिलेले असावेत. पाणबुडीचं जलावतरण झालं की आपण टाळ्या वाजवतो. तिच्या नळीत काय आहे, हेही विचारायला हवं.